वाद्य नव्हे, वाजवण्याच्या अटी बघा : पावलिन्यो दा कॉस्टाच्या कारकिर्दीवरून काही प्रश्न

मायकल जॅक्सनचे नाव ठाऊक नाही असा तरुण आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. १९८२ साली आलेल्या त्याच्या 'थ्रिलर' अल्बममधले पहिले गाणे 'वॉना बी स्टार्टिन समथिंग' लावा. आवाज जॅक्सनचा आहे, पण तुमचे पाय हलायला लागतात ते आवाजाच्या खाली चाललेल्या तालामुळे. तो ताल वाजवणाऱ्यांत एक नाव आहे पावलिन्यो दा कॉस्टा. १९४८ साली ब्राझीलच्या रिओ द जानेरोत जन्मलेला हा तालवादक. जॅक्सनचेच 'डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ' (१९७९), लायोनेल रिचीचे 'ऑल नाइट लाँग' (१९८३), 'वी आर द वर्ल्ड' (१९८५), मॅडोनाच्या 'ट्रू ब्लू' अल्बममधले 'ला इस्ला बोनिता' (१९८६), 'डर्टी डान्सिंग' सिनेमातले शेवटचे गाजलेले गाणे (१९८७), या सगळ्यांत त्याचे हात आहेत. दोन हजारांहून अधिक रेकॉर्डिंगमध्ये तो वाजला आहे असे सांगितले जाते. म्हणजे जगातल्या कोट्यवधी लोकांनी त्याला ऐकले आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचे नाव माहीत नाही.

आम्ही संगीताचे जाणकार नाही. समाजशास्त्र शिकलो आणि वस्तीत काम करतो. तरीही या माणसाच्या कारकिर्दीवर लिहावेसे वाटले, कारण चामड्याच्या वाद्याशी आपल्या समाजाचे नाते साधे नाही. ते वाद्य आपल्या आजोबांच्या पिढीने खाली ठेवले आणि ठेवले ते योग्यच केले. पण तेच चामडे, तसलेच हात, समुद्रापलीकडे एका माणसाला प्रतिष्ठा आणि पैसा मिळवून देतात. मग फरक नेमका कशात आहे? आमचे म्हणणे असे की फरक वाद्यात नाही, वाजवण्याच्या अटींत आहे.

ताल गुन्हा होता तेव्हा

दा कॉस्टा ज्या तालात वाढला त्याचा इतिहास आधी बघू. गुलामांच्या व्यापारात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे एकट्या ब्राझीलकडे नेली गेली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाकडे इतकी माणसे नेली नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे त्या खंडात सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही, भरपाई मिळाली नाही. उलट दोनच वर्षांत, १८९० साली, नवा दंडविधान आला आणि त्यात 'भटकेपणा' आणि कापोएरा हे गुन्हे ठरले. काम मिळू द्यायचे नाही आणि काम नाही म्हणून पकडायचे. गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे तंत्र वेगळे समजावून सांगायला नको.

या कायद्याच्या आडून पोलीस साम्बा वाजवणाऱ्यांच्या मागे लागत. जोआओ दा बायाना या वादकाचा प्रसंग ब्राझीलमध्ये प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोलिसांनी त्याचा पंदेइरो हिसकावून घेतला. पंदेइरो म्हणजे आपल्या खंजिरीसारखे, कडेला झांजा लावलेले वाद्य. पुढे पिन्येइरो माशादो नावाच्या बड्या सिनेटरने त्याला नवा पंदेइरो भेट दिला आणि त्यावर आपल्या नावाचा मजकूर घातला, म्हणजे पुन्हा कुणी हात लावणार नाही. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. आम्हाला ती कौतुकाची वाटत नाही. वाजवण्यासाठी एका काळ्या माणसाला बड्या माणसाचे नाव वाद्यावर मिरवावे लागले, याला मेहेरबानी म्हणतात, हक्क म्हणत नाहीत.

नावाचा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. १९१६ साली दोंगा या संगीतकाराने 'पेलो तेलेफोने' हा साम्बा रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावे नोंदवला. पण हे गाणे तिया सिआता या बाईंच्या घरी जमणाऱ्या मंडळींनी मिळून घडवले होते, असे म्हणत इतरांनी वाद घातला. पुढे रेडिओ आणि रेकॉर्डचा धंदा वाढला तेव्हा फ्रान्सिस्को आल्वेससारखे नामांकित गोरे गायक इस्माएल सिल्व्हासारख्या गरीब काळ्या रचनाकारांकडून साम्बे विकत घेऊ लागले आणि आपले नाव रचनाकार म्हणून लावू लागले. १९३० च्या दशकात वार्गासच्या राजवटीत हाच साम्बा देशाची ओळख म्हणून मिरवला जाऊ लागला. पोर्तुगालमध्ये जन्मलेली गोरी गायिका कार्मेन मिरांडा बायियाच्या काळ्या बायकांचा पोशाख आणि साम्बा घेऊन हॉलिवूडला गेली आणि जगाने तिच्यात ब्राझील पाहिला.

'आमच्याकडे वंशभेद नाही, आम्ही सगळे मिसळलेले आहोत,' असे ब्राझीलचे उच्चभ्रू अनेक वर्षे सांगत आले. १९५० च्या दशकात युनेस्कोने तिथे अभ्यास करवून घेतला, तेव्हा फ्लोरेस्तान फर्नांडिस आणि रोजे बास्तीद यांनी साओ पाउलोत भेदभाव कसा चालतो ते दाखवून दिले. 'आमच्या गावात जातपात नाही' हे वाक्य कोण म्हणतो आणि कोण म्हणत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

स्टुडिओतला श्रमिक

दा कॉस्टा लहानपणी पंदेइरोपासून सुरुवात करून या मातीत तयार झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सर्जिओ मेंडेसच्या 'ब्राझील ७७' या चमूबरोबर लॉस एंजेलिसला गेला. काही वर्षे त्या चमूत वाजवून तो स्टुडिओच्या कामात उतरला. जॅझमधला थोर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबर वाजला. 'अर्थ, विंड अँड फायर' या काळ्या संगीतकारांच्या गटाच्या रेकॉर्डवर वाजला. क्विन्सी जोन्ससारखा निर्माता त्याला पुन्हा पुन्हा बोलावू लागला. १९८० च्या दशकात ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने स्टुडिओतला सर्वांत मोलाचा वादक हा मान त्याला सलग तीन वर्षे दिला. 'अगोरा' (१९७७), 'हॅपी पीपल' (१९७९) असे स्वतःच्या नावाचे अल्बमही आले, पण मोजकेच. त्याची खरी कारकीर्द दुसऱ्यांच्या नावाच्या रेकॉर्डमध्ये आहे.

सेशन वादकाचे काम कसे असते हे समजून घेण्यासारखे आहे. गायक, गाणे, निर्माता सगळे ठरलेले असते. बहुतेक वेळा ड्रम, बास, गिटार आधीच रेकॉर्ड झालेले असते. तालवादकाला शेवटी बोलावतात. कानाला हेडफोन लावून तो ते ऐकतो आणि कुठे काय कमी आहे ते ओळखतो. कधी कोंगा, कधी नुसती खुळखुळ्यासारखी कशिशी, कधी अगोगोच्या जोड लोखंडी घंटा, कधी कुइका. कुइका हे विलक्षण वाद्य आहे. त्याच्या चामड्याला आतून एक बारीक काठी बांधलेली असते. ओल्या कापडाने ती काठी चोळली की वाद्य माणसासारखे कण्हते, हसते. दा कॉस्टा अशी दोनशेहून अधिक वाद्ये वाजवतो असे म्हणतात. एकावर एक थर देत तो गाण्याला चाल देतो. हे पुष्कळदा कागदावर लिहिलेले नसते. काय वाजवायचे ते वादकच ठरवतो. म्हणजे तो केवळ वाजवत नाही, रचतोही. पण धंद्याच्या हिशोबात तो रचनाकार नसतो, तासांवर आलेला कारागीर असतो.

समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ च्या 'आर्ट वर्ल्ड्स' या पुस्तकात दाखवले की कुठलीही कलाकृती एका माणसाची नसते. तिच्यामागे अनेकांचे श्रम असतात आणि त्यांतल्या कुणाला 'कलाकार' म्हणायचे व कुणाला 'मदतनीस', हे रूढीने ठरते. आपण यात एक भर घालू. ही रूढी हवेत तयार होत नाही. डोके वर आणि हात खाली, शब्द वर आणि ताल खाली, ही उतरंड माणसांच्या उतरंडीवरूनच येते. श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. तो फरक स्टुडिओच्या काचेपलीकडेही लागू पडतो.

हा दाम कुणाच्या लढ्यामुळे?

आता कुणी म्हणेल, त्याला पैसा मिळाला, मान मिळाला, मग तक्रार कसली? प्रश्न बरोबर आहे. पण तो पैसा निर्मात्याच्या उदारपणामुळे मिळाला का, हे तपासले पाहिजे.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांची रेकॉर्डिंगे वादकांच्या युनियनच्या करारानुसार होत आली. त्या करारात सेशन तीन तासांचे धरले जाते, त्याचा किमान दर ठरलेला असतो, जास्त वेळ लागला तर जादा पैसे द्यावे लागतात. नावाजलेला वादक दुप्पट दर मागू शकतो. हे आपोआप झाले नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. रेकॉर्ड वाजते, पैसे कंपनी कमावते, आणि वाजवणाऱ्याचे काम मात्र जाते, हा त्यांचा मुद्दा होता. बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या आणि शेवटी विकल्या गेलेल्या रेकॉर्डमागे वादकांच्या निधीत रक्कम भरायला त्यांना कबूल व्हावे लागले.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. याच युनियनमध्ये वर्ण होता. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्या वादकांची शाखा क्रमांक ४७ आणि काळ्या वादकांची शाखा क्रमांक ७६७ अशा दोन वेगळ्या शाखा होत्या. सिनेमाची आणि रेडिओची चांगली कामे ४७ कडे जात. बडी कॉलेट, मार्ल यंग यांच्यासारख्या काळ्या वादकांनी नेटाने मोहीम चालवली तेव्हा १९५३ साली या दोन शाखा एक झाल्या. दा कॉस्टा त्या शहरात पोचला तो त्यानंतर साधारण वीस वर्षांनी. त्याचे हात थोर होतेच. पण ते हात ज्या दारातून आत गेले ते दार दुसऱ्यांनी लढून उघडले होते. गुणवत्तेची गोष्ट सांगताना दाराची गोष्ट गाळायची, ही जुनी लबाडी आहे.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे सूत तोंडाने ओले करावे लागे. मजुरांच्या एकीच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू सांगितले ते याच अनुभवातून. लॉस एंजेलिसच्या काळ्या वादकांनाही युनियन हवी होती आणि युनियनमधला वर्ण नको होता. दोन्ही लढाया एकदम लढाव्या लागतात.

नाव म्हणजे हक्काचा पुरावा

पुन्हा 'वॉना बी स्टार्टिन समथिंग'कडे येऊ. त्या गाण्याच्या शेवटी जो घोष येतो तो कॅमेरूनच्या मनू दिबांगो यांच्या १९७२ च्या 'सोल माकोसा' या गाण्यावरून घेतलेला आहे. दिबांगो यांनी दावा सांगितला आणि जॅक्सनला त्यांच्याशी पैसे देऊन तडजोड करावी लागली. रिहानाच्या गाण्यातही तोच घोष आला तेव्हा २००९ साली ते पुन्हा न्यायालयात गेले. त्यांना हे करता आले कारण तो घोष त्यांच्या नावावर रचना म्हणून होता. त्याच गाण्यातला ताल वाजवणाऱ्याकडे असा कुठला कागद? सूर आणि शब्द यांना कायदा मालमत्ता मानतो. स्टुडिओत उभ्या उभ्या सुचलेल्या तालाला सहसा मानत नाही.

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला नाहीत. इंटरनेट रेडिओ आणि उपग्रह रेडिओसाठी १९९५ साली कायदा झाला. त्यातून येणाऱ्या रकमेचे वाटप बघा : ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना. त्यातले अडीच टक्के वादकांचे, अडीच टक्के साथीला गाणाऱ्यांचे. हे अडीच टक्के तरी कुणाला मिळतात? ज्याचे नाव त्या रेकॉर्डच्या नोंदीत आहे त्याला.

आपल्या देशातही असेच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंतांचे हक्क वाढवले. पण 'परफॉर्मर' कोण याच्या व्याख्येला एक शेपूट जोडले. सिनेमात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि श्रेयनामावलीत ज्याचे नाव कुठेच नाही, तो परफॉर्मर धरला जाणार नाही. आपल्या कामाची बदनामीकारक मोडतोड होऊ नये एवढाच हक्क त्याला उरेल. म्हणजे ज्याचे नाव गाळायचे सामर्थ्य निर्मात्याच्या हातात आहे, त्याचा हक्क ठरवायचे सामर्थ्यही बरेचसे त्याच्याच हातात गेले. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या कितीतरी वादकांनी आणि अरेंजरांनी आयुष्य घातले. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादक शिक्षकाचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, ते गाण्यातच घातले म्हणून. बाकीच्यांसाठी असा शिष्य निघाला नाही.

म्हणून नावाचा आग्रह हा मोठेपणाचा हव्यास नव्हे. नाव म्हणजे सातबारा आहे.

आपली हलगी

आता आपल्याकडे येऊ. गावगाड्यात हलगी-डफडे वाजवणे, दवंडी देणे ही कामे जातीने अंगावर टाकलेली होती. वेळ ठरलेली नाही, दर ठरलेला नाही, नकार द्यायची सोय नाही. मोबदला म्हणजे बलुते, तेही वाढणाऱ्याच्या मनावर. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची, आणि वाजवणारा देवळाच्या पायरीबाहेर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच व्यवस्थेवर घाव घालण्यासाठी. बिनमुदतीची, बिनदराची, पिढीजात चाकरी त्यांना मोडायची होती. आपल्या माणसांनी वाद्य खाली ठेवले ते तालाशी वैर म्हणून नव्हे, त्या चाकरीला नकार म्हणून.

हे विसरल्यामुळे आपल्यात दोन चुका होतात. एक चूक म्हणजे हलगीला 'आपला वारसा' म्हणून डोक्यावर घेणे आणि तिच्यामागची सक्ती पुसून टाकणे. सांस्कृतिक महोत्सवात हलगीचे कौतुक करणाऱ्या सवर्ण मंडळींना हे फार आवडते. दुसरी चूक त्याहून वाईट. आपण वाद्य सोडले म्हणून जे अजून वाजवतात त्यांना कमी लेखणे. गावोगावी आजही हलगी वाजवणारे बहुतेक मातंग बांधव आहेत. 'ते अजून वाजवतात' असे तुच्छतेने म्हणणारा बौद्ध तरुण श्रेणीबद्ध विषमतेची आपली पायरी सांभाळतो आहे, दुसरे काही नाही.

दा कॉस्टाची कारकीर्द या दोन्ही चुकांना उत्तर देते. ज्या वाद्यासाठी त्याच्या पूर्वसुरींना पोलीस पकडत, तेच त्याने वाजवले. पण तीन तासांचे सेशन, ठरलेला दर, नकार द्यायची मोकळीक, आणि रेकॉर्डच्या पाकिटावर, बारीक अक्षरात का होईना, छापलेले नाव या अटींवर. अन्याय तिथेही आहे, तो वर सांगितला. तरी बलुते आणि करार यांत जे अंतर आहे ते या एका आयुष्यात स्पष्ट दिसते.

आपल्या मंचावर काय चालते?

शेवटी स्वतःकडे बोट. घरातली भीमगीतांची जुनी कॅसेट काढून बघा. गायकाचे नाव आहे, गीतकाराचे बहुधा आहे, कंपनीचे ठळक आहे. ढोलकी कुणी वाजवली? बेंजोवर कोण होते? कोरसमधल्या बाया कोण? क्वचितच सापडेल.

हा दोष आमचाही आहे. मागच्या १४ एप्रिलला आम्ही वस्तीत गायनाचा कार्यक्रम ठेवला. पत्रिकेवर पाहुण्यांची नावे होती, देणगीदारांची होती, गायकाचे नाव फोटोसकट होते. ढोलकीवाला पोरगा रात्री एकपर्यंत वाजवत होता. बोटे सुजली होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आमच्यातलाच एक कार्यकर्ता म्हणाला, 'अरे, बाबासाहेबांचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलास?' पोरगा काही बोलला नाही. पाकीट घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी फेसबुकवर फोटो टाकताना आमच्या लक्षात आले की त्याचे पूर्ण नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मंडपवाल्याला, डीजेवाल्याला आम्ही अशी भाषा वापरली नव्हती. त्यांचे बिल पूर्ण दिले होते. बाबासाहेबांच्या नावाने फुकट राबवून घेणे, ही वेठबिगार नाही तर काय आहे?

त्या रात्रीनंतर आमच्या मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या. साथीदारांचा दर आधी ठरवायचा आणि कागदावर लिहायचा. पत्रिकेवर आणि बॅनरवर प्रत्येक वादकाचे पूर्ण नाव छापायचे, जागा कमी पडली तर पाहुण्यांची नावे कमी करायची. कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकले तर खाली वाजवणाऱ्यांची आणि कोरसची नावे लिहायची, आणि त्यातून पैसे आले तर त्यांचा वाटा आधीच ठरलेला असायचा. तुमच्या मंडळातही हे करता येईल. याला निधी लागत नाही, नियत लागते.

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड रस्त्यावर कलाकारांच्या नावाचे तारे बसवतात. कार्मेन मिरांडाचा तारा तिथे १९६० पासून आहे. पावलिन्यो दा कॉस्टाचे नाव जाहीर झाले ते २०२६ च्या यादीत, म्हणजे त्या शहरात पन्नासहून अधिक वर्षे वाजवल्यावर. अलीकडे त्याच्यावर माहितीपटही निघाला. चांगले झाले. पण प्रत्येक वाजवणाऱ्याने तारा मिळायची वाट का बघावी? त्याचे नाव पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर लिहिले पाहिजे.

आम्ही त्या ढोलकीवाल्याच्या घरी गेलो. राहिलेले पैसे दिले, माफी मागितली, नाव विचारून घेतले. येत्या जयंतीच्या पत्रिकेवर ते गायकाच्या नावाइतक्याच अक्षरांत छापायचे ठरले आहे.

जय भीम.